संत्र्याच्या सालीतलं तेल : प्रकल्प नोंदी

५ फेब्रुवारी

विषय ठरला. वसतिगृहाच्या मेसमागे बायोगॅसचं छोटं संयंत्र आहे. शेण, उरलेला भात, भाज्यांची देठं, सगळं त्यात जातं. आंबिया बहाराच्या, म्हणजे ऑक्टोबरपासून येणाऱ्या संत्र्यांच्या, दिवसांत ज्यूसच्या दुकानांतल्या संत्र्याच्या सालीही त्यात जाऊ लागल्या आणि काही आठवड्यांत शेगडीची ज्योत मंदावत गेली. मेसच्या मावशींनी साली बंद करायला लावल्या, तेव्हा गॅस हळूहळू परत आला. मॅडमनी आम्हा दोघींपुढे एवढीच हकीकत ठेवली आणि म्हणाल्या, "कारण शोधा, आणि उपायही तुम्हीच शोधा."

कारण बऱ्यापैकी माहीत असलेलं आहे. सालीत जे उडून जाणारं तेल असतं त्यात मुख्य घटक लिमोनीन, आणि मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना तो सोसत नाही. किडी-बुरशीपासून फळ राखायला झाडानेच ते तेल सालीत ठेवलेलं असतं. म्हणजे तेल आधी काढलं तर साल संयंत्राला चालायला हवी, आणि निघालेलं तेल हाताशी राहील ते वेगळंच. प्रकल्प या दोन टोकांमध्ये आहे. मृग बहाराची, म्हणजे दुसऱ्या हंगामाची, फळं एप्रिलपर्यंत येत राहतील, त्यामुळे मालाची काळजी नाही.

८ फेब्रुवारी

स्टँडजवळच्या ज्यूसवाल्या भाऊंकडे गेलो. "कायले पाह्यजे एवढे सालपटं? घेऊन जा, मले तं फेकाचेच हायेत." पोतंभर मिळाली. बुरशी धरलेली साल बाजूला काढली, कारण हिरव्या बुरशीचा वास तेलात उतरतो. बाकीची धुऊन सावलीत पसरली.

नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते गरासाठी आणि चवीसाठी. त्याची साल पोकळ, सैल, हाताने सहज सुटणारी. खाणाऱ्याला ही मोठी सोय. तेल काढणाऱ्या यंत्राला मात्र घट्ट सालीचं, गोल, टणक फळ लागतं. ब्राझीलमध्ये मोसंबीच्या जातकुळीतल्या गोड संत्र्यांचा रस काढतानाच सालीतलं तेलही दाबून काढून घेतात, म्हणून जगभर संत्रातेल रसाच्या कारखान्याचा जोडमाल म्हणून येतं. आपल्या संत्र्याचं तसं नाही. ते घरोघरी हाताने सोललं जातं आणि साल उकिरड्यावर जाते.

भिंगाखाली साल पाहिली. वरच्या नारिंगी थरात ठिपक्यांसारख्या दिसतात त्या तेलाच्या ग्रंथी. आतल्या पांढऱ्या, स्पंजासारख्या थरात तेल जवळपास नाही, तिथे पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करणारा पदार्थ, असतं. साल मेणबत्तीजवळ दुमडली की तुषार उडतो आणि ज्योतीत चटचट ठिणग्या पेटतात. लहानपणी सगळ्यांनी हा खेळ केलेला असतो. ते तेल किती ज्वलनशील आहे याची ही पहिली साक्ष, आणि प्रयोगशाळेत उघडी ज्योत वापरायची नाही हा नियम आम्ही त्यावरूनच भिंतीवर लिहून लावला.

१२ फेब्रुवारी

ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून वाफेवाटे तेल वेगळं करणं, सुरू. दोन लिटरच्या गोल बुडाच्या चंबूत चारशे ग्रॅम चिरलेली ताजी साल, आठशे मिलिलिटर पाणी, थोडे काचमणी. चंबू दोन-तृतीयांशाहून जास्त भरायचा नाही, कारण पेक्टिनमुळे फेस वर चढतो. चंबूवर क्लेव्हेंजर उपकरण, त्यावर कंडेन्सर. क्लेव्हेंजर या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने १९२८ मध्ये हे उपकरण मांडलं आणि आजही सुगंधी तेल मोजायला तेच वापरतात. वाफ वर जाते, थंड होऊन मोजनळीत उतरते, पाण्याहून हलकं तेल वर तरंगतं आणि खालचं पाणी बाजूच्या नळीने पुन्हा चंबूत येतं. त्यामुळे पाणी कमी पडत नाही आणि तेल वाहून जात नाही. मी ते किती वेळ नुसतं पाहत उभी राहिले, कारण इतकी समजूतदार रचना क्वचित दिसते.

लिमोनीनचा उत्कलनबिंदू १७६ अंश सेल्सियस. मग ते पाण्याबरोबर शंभराच्या आतच कसं निघतं? दोन न मिसळणारे द्रव एकत्र तापवले की प्रत्येकाचा बाष्पदाब स्वतंत्रपणे वाढतो. दोहोंची बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की मिश्रण उकळतं. ही बेरीज पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या जरा अलीकडेच पुरी होते. आमचा थर्मामीटरही शंभराच्या खालीच थांबला. या एका गोष्टीमुळे नाजूक तेलं न जळता निघतात.

तीन तासांनी मोजनळीत साधारण तीन मिलिलिटर तेल, पाण्यासारखं स्वच्छ. दर पाव तासाने पातळी टिपली होती. तीन-चतुर्थांशाहून जास्त तेल पहिल्या तासातच आलेलं दिसतं, पुढे रेषा जवळपास सपाट. हे पुढे उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून इथे ठळक लिहून ठेवते.

चंबूत उरलेला लगदा आणि त्याचं पाणी टाकलं नाही. संयंत्राच्या प्रयोगाला तेच लागणार आहे.

१६ फेब्रुवारी

गुणधर्म. निर्जल सोडियम सल्फेटवरून तेल कोरडं केलं. घनता ०.८४ ग्रॅम प्रति मिलिलिटर. अपवर्तनांक १.४७ च्या आसपास. ध्रुवणमापीत, म्हणजे द्रवातून जाताना ध्रुवित प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या यंत्रात, उजवीकडे वळण, शंभर अंशांच्या जवळ. शुद्ध उजव्या, म्हणजे प्रकाश उजवीकडे वळवणाऱ्या, लिमोनीनचं वळण ११५ ते १२५ अंशांच्या दरम्यान असतं, तेव्हा आमच्या तेलात बराचसा भाग त्याचाच आहे हे कळतं, पण सगळा नाही. बाकीचं काय, हे गॅस क्रोमॅटोग्राफीशिवाय, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीशिवाय, सांगता यायचं नाही.

कागदाची परीक्षाही केली. गाळणकागदावर एक थेंब आमचा, शेजारी एक थेंब बाजारातल्या 'ऑरेंज ऑइल'चा. आमचा काही वेळात उडून गेला, डाग उरला नाही. बाजारातल्याचा तेलकट डाग दुसऱ्या दिवशीही तसाच. त्यात जड, न उडणारं तेल मिसळलेलं आहे. दाबून काढलेलं अस्सल तेल असतं तर फिकट पिवळी कड राहिली असती, कारण त्यात सालीतलं मेण आणि रंगद्रव्यं येतात. इतका मोठा डाग मात्र नाही.

२० फेब्रुवारी

आज वास. लिमोनीन म्हणजे कार्बनचे दहा आणि हायड्रोजनचे सोळा अणू. त्याची दोन रूपं, आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलट. टर्पीन कुळातल्या, म्हणजे झाडांच्या सुगंधी तेलांतल्या, या पदार्थांचा गुंता ओटो वॉलाख यांनी सोडवला, त्यांना १९१० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. उजवं रूप संत्र्यासारखं, डावं रूप टर्पेंटाइनकडे झुकणारं.

इथे एक चूक दुरुस्त करून घ्यावीशी वाटते, कारण ती क्रमिक पुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत सर्रास दिसते. 'उजवं लिमोनीन संत्र्यात, डावं लिंबात' असं त्यांत छापलेलं असतं. हे खरं नाही. लिंबाच्या सालीतही मुख्यतः उजवंच लिमोनीन असतं. लिंबाचा वास वेगळा आहे तो सिट्राल या दुसऱ्या घटकामुळे. संत्र्याचा संत्रेपणाही एकट्या लिमोनीनमधून येत नाही. ऑक्टॅनाल, डेकॅनाल, लिनालूल असे अगदी थोड्या प्रमाणातले घटक तो वास घडवतात. आम्ही लिंबाच्या साली त्याच उपकरणात चढवल्या आणि त्यांचं तेल ध्रुवणमापीत घातलं. वळण उजवीकडेच. मॅडमनी वर्गात सगळ्यांना दाखवलं. पुस्तकातली ओळ स्वतःच्या डोळ्यांनी खोडून काढता आली याचा मला फार आनंद झाला.

आमच्या तेलाचा वास ताज्या सालीच्या मानाने जरा शिजलेला येतो. तीन तास आंबट पाण्यात उकळल्यावर नाजूक घटक टिकत नाहीत. अत्तराला आणि खाद्यपदार्थांना दाबून काढलेलं तेलच हवं. द्रावक म्हणून वापरायचं तर हेच पुरे.

२६ फेब्रुवारी

द्रावक म्हणून आज दिवसभर वापरलं. काचेच्या बरणीवरचा लेबलचा चिकटा: दोन थेंब, पाच मिनिटं, फडक्याने साफ. सायकलच्या साखळीचं जुनं ग्रीस: सुटलं. बाकावरचं च्युइंगम: मऊ होऊन निघालं. चपलेला लागलेलं डांबर: निघालं, वेळ लागला. मेसच्या एक्झॉस्ट पंख्यावरचा तेलकट राप: नुसत्या तेलाने पसरला. साबणाच्या पाण्यात थोडं तेल फेटून दुधट मिश्रण केलं, तेव्हा स्वच्छ निघाला. मावशींनी ती बाटली ठेवूनच घेतली.

रॉकेल आणि टर्पेंटाइन जे करतात ते हे करतं, वासाचा त्रास न देता. पण ते रबर आणि काही प्लास्टिकही तितक्याच सहज धरतं. ड्रॉपरचा रबरी फुगा तेलाच्या वाफेने फुगून ढिला पडतो. फुगवलेल्या रबरी फुग्यावर सालीचा तुषार उडवला की तो फुटतो. म्हणून तेल काचेत, काचेच्या बुचाने. पारदर्शक, ठिसूळ प्लास्टिकच्या डबीत ठेवायचं नाही, ती पॉलिस्टायरीनची असते आणि तिचं काय होतं ते पुढे थर्माकोलच्या नोंदीत.

१ मार्च

संयंत्राचा प्रयोग मांडला. एक लिटरच्या तीन काचेच्या बाटल्या, तिन्हींत मेसच्या संयंत्रातली रबडी, म्हणजे आतला कुजणारा पातळ काला, सारख्या मापाने. पहिलीत फक्त रबडी. दुसरीत दर दोन दिवसांनी ताजी साल, बारीक करून. तिसरीत तेवढीच साल, पण तेल काढून झालेली. गॅस मोजायला फुगा लावायचा नाही, तेल रबर खातं. नळी कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून नेली आहे, म्हणजे कार्बन डायऑक्साइड तिथेच शोषला जाईल आणि पाणी सारेल तो बहुतेक मिथेनच असेल. ही सुधारणा प्रयोगशाळेतल्या काकांची.

५ मार्च

थर्माकोल. पॅकिंगचे तुकडे चंचुपात्रातल्या थोड्याशा तेलात सोडले. सूं आवाज करत बुडबुडे निघाले आणि हाताएवढा तुकडा बघता बघता खाली बसला. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन फुगवून केलेला फेस, आकारमानाने जवळजवळ सगळी हवाच. लिमोनीन त्यातलं पॉलिस्टायरीन विरघळवतं, हवा निघून जाते. तुकड्यामागून तुकडे मावत गेले आणि शेवटी मधासारखा चिकट पाक झाला. त्यात अल्कोहोल ओतलं की पॉलिस्टायरीन पांढऱ्या गोळ्याच्या रूपात बाहेर येतं, धुऊन वाळवलं की टणक.

जपानमध्ये सोनी कंपनीने १९९० च्या दशकात याच तत्त्वावर थर्माकोल गोळा करून परत वापरण्याची पद्धत तयार केली होती. थर्माकोलची खरी अडचण त्याचं आकारमान आहे, ट्रकभर माल नेला तरी वजन किरकोळ. तो जागच्या जागी तेलात बसवला तर वाहतूक परवडते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि मखरांवर बंदी आली, पण टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतला थर्माकोल येतच राहतो. आपल्याकडे संत्र्याच्या सालीचे ढीग आणि थर्माकोलचे ढीग एकाच गावात, कधी कधी एकाच उकिरड्यावर असतात. मला या प्रकल्पातली सगळ्यात पुढे नेण्याजोगी गोष्ट हीच वाटते.

११ मार्च

मैदानाकडेच्या गाजर गवतावर फवारलं. तेल, साबण आणि पाणी, दहा टक्क्यांच्या आसपास तेल. दुपारच्या उन्हात काही तासांत पानं माना टाकून करपली. लिमोनीन पानावरचं मेणाचं आवरण विरघळवतं आणि पान वाळतं. बाहेर देशांत सेंद्रिय शेतीत तणनाशक म्हणून ते विकलंही जातं. मात्र जे लागलं तेच जळतं. मूळ जिवंत राहतं, मोठी झाडं बुडातून पुन्हा फुटणार. कोवळ्या रोपांवरच उपयोग, तेही फुलोऱ्याआधी. आणि जवळ भाजी असेल तर तिच्यावरही हेच होईल.

मुंग्यांवर फवारलं की त्या पांगतात, रांग मोडते. डासांसाठी अंगाला लावलं तर थोडा वेळ दूर राहतात, मग तेल उडून जातं. डेंग्यूच्या दिवसांत याच्यावर भिस्त ठेवू नये.

१७ मार्च

अंगाला लावण्यावरून वसतिगृहात बरीच विचारणा झाली, म्हणून ही नोंद सविस्तर. ताजं शुद्ध लिमोनीन त्वचेला फारसं बाधत नाही. ते हवेत उघडं राहिलं की प्राणवायूशी संयोग होऊन हायड्रोपेरॉक्साइड बनतात आणि त्यांची अ‍ॅलर्जी येते. एकदा आली की साबण, शाम्पू, अत्तर, जिथे जिथे लिमोनीन तिथे तिथे खाज. युरोपात त्वचेवर राहणाऱ्या सौंदर्यप्रसाधनात ०.००१ टक्क्याहून जास्त लिमोनीन असेल तर वेष्टनावर नाव छापावं लागतं, ते या कारणाने.

हेच तपासायला महिन्याभरापूर्वी एकाच खेपेच्या तेलाचे दोन भाग केले होते. एक गडद बाटलीत काठोकाठ, फ्रिजमध्ये. दुसरा पांढऱ्या बाटलीत अर्धा भरून खिडकीत. आज दोन्हींत अ‍ॅसेटिक आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड घातलं. पेरॉक्साइड असलं की आयोडीन सुटतं, ते थायोसल्फेटने मोजायचं. फ्रिजमधला नमुना जेमतेम पिवळसर. खिडकीतला गडद तपकिरी, ब्युरेटमधलं द्रावण कितीतरी जास्त लागलं. वासही बदलला आहे, शहाजिऱ्याकडे झुकलेला. कार्व्होन तयार होत असणार, लिमोनीनच्या ऑक्सिडीकरणातून ते मिळतंच. अत्तर उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पेरॉक्साइडची मर्यादा लिटरला २० मिलिमोल ठेवली आहे. खिडकीतलं तेल ती ओलांडतं, ते आता फक्त ग्रीस काढायला.

उन्हाचा प्रश्न वेगळा. दाबून काढलेल्या लिंबाच्या आणि बर्गमोटच्या तेलात फ्युरोकुमारिनं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात. बर्गमोट हे इटलीतल्या कालाब्रियाचं फळ, कोलोनच्या सुगंधी पाण्यात त्याचं तेल असतं. ऊर्ध्वपातनात ही जड द्रव्यं चंबूतच राहतात, त्यामुळे आमच्या तेलात तो धोका जवळपास नाही. तरी नुसतं तेल अंगाला लावू नये, खोबरेल तेलात एखादा टक्का पुष्कळ. पोटात घ्यायचं नाहीच. मांजरांच्या जवळही न्यायचं नाही, त्यांच्या यकृताला हे पदार्थ पचवता येत नाहीत.

आणि सर्दी, नैराश्य, कॅन्सर यांवर हे तेल रामबाण असल्याचे संदेश फिरतात. वास घेऊन मन प्रसन्न होतं, ते खरंच. रोग बरे होतात असं सांगून कुणाचे औषधाचे दिवस वाया घालवणं मला अजिबात मान्य नाही, आणि आमच्या बाटलीवर तसा शब्द छापला जाणार नाही.

४ एप्रिल

बाटल्यांचा निकाल स्पष्ट आहे. पहिलीत थोडा पण सारखा मिथेन, नंतर उतरत गेलेला. दुसरीत सुरुवातीला बुडबुडे खूप, पण ते कॉस्टिक सोड्यात शोषले गेले, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. नंतर मिथेन जवळपास थांबला. पीएच पट्टीवर सामू (आम्लता दाखवणारा पीएच, सातच्या खाली म्हणजे आम्ल) साडेपाचाच्या आसपास, झाकण काढल्यावर आंबट वास. आम्ल तयार करणारे जिवाणू चालू राहिले, ते आम्ल खाऊन मिथेन करणारे मात्र गारठले, म्हणून आम्ल साचलं. तिसऱ्या बाटलीत मिथेन तिन्हींत सर्वांत जास्त आणि सामू सातच्या जवळ.

मेसची ज्योत का मंदावली होती याचं उत्तर दुसऱ्या बाटलीत आहे.

आता हिशेब. चंबू तापवणारं साडेचारशे वॅटचं विजेचं मँटल तीन तास, म्हणजे फार तर १.३५ युनिट वीज, आणि तेल तीन मिलिलिटर. तेल विकण्यासाठी हे परवडणारं नाही. पण संयंत्रासाठी तीन तास लागतच नाहीत. १२ फेब्रुवारीच्या आलेखाप्रमाणे तासाभरात बहुतेक तेल निघून जातं. शिवाय वीज हवीच असं नाही. उत्तर प्रदेशातल्या कनौजचे अत्तरवाले आजही तांब्याची डेग, म्हणजे मोठं हंडं, चुलीवर चढवतात आणि बांबूच्या नळीने वाफ भपक्यात, म्हणजे ती गार होऊन जमते त्या भांड्यात, उतरवतात. वरूड-मोर्शी-काटोल पट्ट्यात बागेच्या छाटणीचं जळण शेतातच पडून असतं. पन्नास किलोची डेग, साधी नळी, पाण्याची टाकी. एवढ्यावर एखाद्या बचत गटाला साल हाताळता येईल. तेल ही त्यातली वरकड कमाई, मुख्य फायदा साल संयंत्राला लागू होण्याचा.

१२ एप्रिल

मृग बहार सरत आला. साठवणीच्या सूचना पुढच्या तुकडीसाठी.

या तेलाचा ज्वलांक, म्हणजे ठिणगीने वाफ पेटू शकते ते किमान तापमान, ४८ अंश. विदर्भात मे महिन्यात सावलीतलं तापमान पंचेचाळीसच्या पुढे जातं आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. म्हणजे पत्र्याखाली ठेवलेल्या बाटलीच्या तोंडाशी ठिणगी आली तर वाफ पेटू शकते. तेल जमिनीलगतच्या थंड कपाटात किंवा ठिणगीची भीती नसलेल्या फ्रिजमध्येच ठेवायचं, स्पिरिटच्या दिव्यापासून आणि स्विचबोर्डापासून लांब. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, उघड्यावर पसरून वाळवायची.

बाटल्या काठोकाठ भरून, वर काढल्याची तारीख. सहा महिन्यांनी पेरॉक्साइड चाचणी पुन्हा.

मेसच्या संयंत्रात कालपासून तेल काढलेली साल जाऊ लागली आहे, थोडी थोडी, रोज सामू तपासून. साडेसहाच्या खाली गेला तर साल थांबवायची आणि चुन्याची निवळी घालायची. मावशींना पट्टीचा रंग ओळखता येतो, त्यांनी तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर लावला आहे. डेगीचा नकाशा काकांनी काढून दिला आहे, तांबटाकडून दर यायचा आहे. आंबिया बहाराची साल ऑक्टोबरपासून सुरू होईल, त्याआधी डेग तयार हवी.